डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : गुलामाच्या लेकराचे मृत्युपत्र

डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी माणसाला नवे नाही. १९८१ साली वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक आले आणि आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुलामुलींच्या हाती ते पडले. गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, लोकांची धुणी धुऊन शिकलेले आणि पुढे भुईमूग व रताळी यांच्यापासून नाना पदार्थ करून दाखवणारे कृषिशास्त्रज्ञ, एवढे त्यांच्याविषयी बहुतेकांना ठाऊक असते. पण या माणसाने आयुष्यभर साठवलेल्या पैशाचे शेवटी काय केले, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. आम्हांला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार मोलाचा वाटतो. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र आम्ही त्याच अंगाने सांगणार आहोत.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात डायमंड ग्रोव्ह नावाच्या खेड्याजवळ मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याची जमीन होती. त्याने १८५५ साली मेरी नावाची तेरा वर्षांची काळी मुलगी ७०० डॉलरला विकत घेतली. त्या खरेदीची पावती झाली होती. गाय-बैल घेताना करतात तशी! हीच मेरी जॉर्जची आई. जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामाच्या पोराची तारीख कोण लिहिणार?

गुलाम म्हणजे मालकाची मालमत्ता. मालक मेला की त्याच्या मृत्युपत्रात जमीन, घोडे, भांडीकुंडी यांच्यासोबत गुलामांचीही नावे असत. अमका गुलाम थोरल्या मुलाला, तमकी बाई लेकीला, अशी वाटणी होई. गुलामाला कायद्याने स्वतःच्या मालकीचे काही ठेवता येत नसे, मग तो मृत्युपत्र कशाचे करणार? त्याची लेकरेसुद्धा त्याची नसत. ज्यांच्या वाडवडिलांना धन जवळ ठेवायचा अधिकारच शास्त्राने नाकारला होता, त्या आपल्या वाचकांना ही गोष्ट जास्त समजावून सांगायला नको.

जॉर्ज तान्हा असतानाच दरोडेखोरांनी मेरीला आणि त्याला पळवून नेले. मोझेसने शोधाला माणूस पाठवला. तो फक्त पोर घेऊन परत आला. मेरीचा पत्ता पुन्हा कधीच लागला नाही. पोर परत आणल्याबद्दल मोझेसने त्या माणसाला एक शर्यतीचा घोडा दिला. जानेवारी १८६५ मध्ये मिसुरीत गुलामगिरी संपली. जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम यांना मोझेस आणि त्याची बायको सुसान यांनी घरातच वाढवले. जॉर्ज अंगाने किडकिडीत, सारखा आजारी. शेतीची जड कामे त्याला झेपत नसत. म्हणून तो सुसानबाईंच्या हाताखाली स्वयंपाक, शिवण, धुणे शिकला आणि उरलेल्या वेळात रानात फिरून झाडे गोळा करू लागला. आजारी झाडे बरी करणारा पोरगा म्हणून आसपास त्याचे नाव झाले.

गावची शाळा काळ्या मुलांना घेत नव्हती. तेव्हा अकरा-बारा वर्षांचा जॉर्ज एकटाच निओशो गावी गेला आणि मारिया वॉटकिन्स या काळ्या सुईणबाईच्या घरी राहून शिकू लागला. पुढे तो कॅन्ससमध्ये गेला. तिथे फोर्ट स्कॉट गावात १८७९ साली गोऱ्यांच्या जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि तो त्या गावातून निघून गेला. मिनिॲपोलिस नावाच्या गावात त्याचे माध्यमिक शिक्षण झाले. तिथे जॉर्ज कार्व्हर नावाचा आणखी एक माणूस होता आणि दोघांची पत्रे एकमेकांकडे जात. म्हणून याने आपल्या नावात ‘डब्ल्यू’ अक्षर घातले. त्याचेच पुढे वॉशिंग्टन झाले. कागदावर नाव पुरते नसले की चीज भलत्याच्या हाती जाते, ही गोष्ट पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

१८८३ साली भाऊ जिम देवीच्या साथीत गेला. जॉर्जला आता रक्ताचे म्हणावे असे कोणी उरले नाही. १८८५ च्या सुमारास हायलँड येथील कॉलेजात त्याला पत्राने प्रवेश मिळाला. पोरगा आनंदाने तिथे पोचला आणि कातडीचा रंग पाहून त्याला दारातूनच परत पाठवले. मग काही वर्षे त्याने कॅन्ससच्या माळरानावर मातीच्या ढेकळांचे घर बांधून शेती केली. अखेर १८९० साली आयोवातल्या सिम्प्सन कॉलेजाने त्याला घेतले. तिथे तो चित्रकला आणि पियानो शिकू लागला आणि पोटासाठी बरोबरच्या विद्यार्थ्यांची धुणी धुऊ लागला. चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याचा झाडांचा नाद ओळखला आणि त्याला एम्सच्या कृषी महाविद्यालयाची वाट दाखवली. १८९१ साली तो तिथे गेला. हा तिथला पहिला काळा विद्यार्थी. सुरुवातीला त्याला इतर मुलांबरोबर भोजनगृहात बसू दिले नाही. पण १८९४ साली तो पदवीधर झाला, १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच कॉलेजात शिकवूही लागला.

एवढ्यात अलाबामा राज्यातून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. काळ्या मुलामुलींसाठी १८८१ साली सुरू झालेली टस्कगी येथील संस्था ते चालवत होते. वर्षाला १,००० डॉलर पगार ठरला. आयोवात राहिले असते तर चांगली प्रयोगशाळा होती, शिकवणारे गुरू पाठीशी होते. पण कार्व्हर ऑक्टोबर १८९६ मध्ये टस्कगीला गेले आणि मरेपर्यंत, म्हणजे ४६ वर्षे, तिथेच राहिले.

तिथे गेले तर प्रयोगशाळाच नाही! मुलांना घेऊन त्यांनी उकिरड्यावरून फुटक्या बाटल्या, डबे, झाकणे वेचून आणली आणि त्यांतून उपकरणे केली. १८९७ साली राज्य सरकारने संस्थेत शेती-प्रयोग केंद्र मंजूर केले, त्याला वर्षाला अवघे १,५०० डॉलर. आसपासचे काळे शेतकरी बहुतेक वाटेकरी कुळे होती. जमीन मालकाची, बियाणे उसने, कर्ज डोक्यावर आणि पीक म्हणाल तर वर्षानुवर्षे नुसता कापूस. जमीन पार निकस झालेली. त्यातच बोंड पोखरणारा सोंडकिडा आला. कार्व्हर सांगत, कापसाच्या जागी आलटूनपालटून चवळी, भुईमूग, रताळी घ्या. चवळी-भुईमुगाने जमिनीचा कस परत येतो आणि घरच्या पोरांच्या पोटातही काही जाते. शेतकरी शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्याकडे नेऊ म्हणून १९०६ साली खेचरांची गाडी निघाली. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांनी पैसा दिला, म्हणून ती ‘जेसप वॅगन’. अवजारे, बियाणे, लोणी काढायचे यंत्र घेऊन ती गावोगाव फिरे. याशिवाय सोप्या भाषेतल्या ४४ पुस्तिका निघाल्या. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाच्या शेंगांपासून माणसाला खाण्याजोगे १०५ प्रकार कसे करावेत ते दिले होते.

इथे एक खुलासा करतो. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हरांनी शोधले असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ते खरे नाही. त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो पदार्थांतले कित्येक आधीपासून माहीत होते आणि पेटंटे त्यांनी फक्त तीन घेतली. त्यांचा खरा मोठेपणा गरीब शेतकऱ्याला परवडेल असे शास्त्र त्याच्या दारी नेण्यात होता. ते काही देवमाणूसही नव्हते. राहायला दोन खोल्या मागितल्या म्हणून इतर शिक्षकांचे आणि त्यांचे वाजले. कोंबड्यांच्या आवाराच्या हिशेबावरून वॉशिंग्टनसाहेबांची बोलणी त्यांनी खाल्ली. राजीनाम्याच्या धमक्या दिल्या. पण संस्था सोडली नाही. भांडण माणसांशी होते, संस्थेच्या कामाशी नव्हते.

१९१५ साली वॉशिंग्टन वारले. पुढे कार्व्हरांची कीर्ती वाढत गेली. १९२१ साली भुईमुगाच्या आयातीवर जकात असावी की नसावी, यावर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ते बोलायला उभे राहिले. दहा मिनिटे मिळाली होती. सभासद वेळ वाढवून देत गेले. १९२३ साली त्यांना स्पिंगार्न पदक मिळाले, १९२८ साली सिम्प्सन कॉलेजाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. एवढे होऊनही राहणी तीच. कोट जुना, त्याच्या काजात रोज एखादे ताजे फूल. खोली संस्थेच्या वसतिगृहात. लग्न केले नाही. पगाराचे धनादेश कित्येकदा टेबलाच्या खणात तसेच पडून राहत.

आता मुद्द्यावर येतो. सत्तरी ओलांडल्यावर तब्येत ढासळली. मागे वारस नाही. काहीच लिहून न ठेवता गेले असते तर पैशाचा आणि कागदपत्रांचा, नमुन्यांचा, चित्रांचा काय निकाल लागला असता सांगता येत नाही. कार्व्हरांनी जिवंतपणीच तजवीज केली. १९३८ साली त्यांच्या संग्रहासाठी टस्कगीत संग्रहालय करण्याचे ठरले. त्यासाठी जी इमारत मिळाली ती संस्थेची जुनी धुलाईची इमारत होती. धुणी धुऊन शिकलेल्या माणसाचे संग्रहालय धुण्याच्या घरात! १९४१ साली मोटारवाले हेन्री फोर्ड यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९४० साली कार्व्हरांनी टस्कगी संस्थेतच संशोधनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. काळ्या तरुणांना शास्त्रीय संशोधन करता यावे आणि आपले काम आपल्यामागे चालू राहावे, हा त्याचा हेतू. त्याला त्यांनी आपल्या बचतीतले सुमारे ३३,००० डॉलर तेव्हाच दिले. उरलेली मिळकत मृत्यूनंतर त्याच प्रतिष्ठानाला जावी अशी व्यवस्था केली. म्हणजे जिवंतपणीच झाड लावले, ते जगते की नाही हे डोळ्यांनी पाहिले आणि मग उरलेले पाणी त्याच आळ्यात सोडायची सोय करून ठेवली. नुसते गोरगरिबांच्या भल्यासाठी असे मोघम लिहून ते गेले नाहीत. घेणारी संस्था कोणती आणि पैसा कोणत्या कामाला, हे त्यांनी ठरवून दिले.

५ जानेवारी १९४३ रोजी, पडण्याचे निमित्त होऊन, कार्व्हर टस्कगीत वारले. त्यांना बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच पुरले. सगळी मिळकत जमेस धरता प्रतिष्ठानाला त्यांच्याकडून सुमारे ६०,००० डॉलर मिळाले. ज्याच्या आईची किंमत एका पावतीवर ७०० डॉलर लिहिली होती आणि ज्याची स्वतःची किंमत एक घोडा ठरली होती, त्याने मागे ठेवलेली ही रक्कम. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या जन्मभूमीला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. काळ्या माणसाला अमेरिकेत असा मान पहिल्यांदाच मिळत होता.

या देणगीचे पुढे काय झाले? संग्रहालयाला १९४७ साली आग लागली. कार्व्हरांनी काढलेली बरीच चित्रे जळाली. इमारत पुन्हा उभी राहिली आणि १९७७ पासून ती राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यात आहे. वस्तू जळू शकतात, हे ध्यानात घ्यावे. प्रतिष्ठानाचे काम मात्र असे काही उभे राहिले की ते पाहायला कार्व्हर हवे होते.

त्या काळी पोलिओने अमेरिकेत थैमान घातले होते. १९३० नंतरच्या वर्षांत कार्व्हर स्वतः पोलिओ झालेल्या मुलांच्या हातापायांना शेंगदाण्याच्या तेलाने मालीश करीत. तेलात औषधी गुण असल्याचे पुढे सिद्ध झाले नाही, पण त्यांची तळमळ खरी होती. त्यांच्यामागे अकरा वर्षांनी, १९५४ साली, डॉ. साल्क यांच्या पोलिओ लसीची मोठी चाचणी व्हायची होती. लस टोचलेल्या मुलांच्या रक्तात रोगाशी लढण्याची शक्ती आली की नाही, हे तपासायला प्रयोगशाळेत वाढणाऱ्या मानवी पेशी लागत, त्याही लाखो नळ्या भरून. या पेशी हेन्रिएटा लॅक्स या काळ्या बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ साली, तिला न विचारता, घेतलेल्या होत्या. त्या मोठ्या प्रमाणावर वाढवून देशभर पाठवायचे काम टस्कगीला मिळाले. पैसा पोलिओ निर्मूलनासाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने दिला, पण काम उभे केले ते कार्व्हर प्रतिष्ठानाचे संचालक रसेल ब्राउन आणि त्यांचे सहकारी जेम्स हेंडरसन यांनी. १९५५ पर्यंत सुमारे ६ लाख नळ्या तिथून रवाना झाल्या. १२ एप्रिल १९५५ रोजी लस गुणकारी असल्याचे जाहीर झाले. काळ्या तरुणांनी संशोधन करावे म्हणून एका म्हाताऱ्याने ठेवलेल्या पैशातून जे घर उभे राहिले, ते जगाच्या लेकरांच्या कामी आले.

बंधू-भगिनींनो, हे चरित्र वाचून नुसते कौतुक करून थांबू नये असे आम्हांला वाटते. कार्व्हर एकटे होते, आपल्याला संसार आहेत. आधी बायकोमुलांची, म्हाताऱ्या आईबापांची सोय पाहावी, यात दुमत नाही. पण आपल्यातही निवृत्तीचा फंड मिळालेले, स्वतःची खोली असलेले, मूलबाळ नसलेले किंवा मुले मार्गी लागलेले पुष्कळ जण आहेत. माझ्यामागे थोडे वाचनालयाला द्या, पोरांच्या शिक्षणाला द्या, असे ते तोंडाने सांगतात. तोंडचा शब्द माणसाबरोबर जातो. मग घरात भांडणे लागतात आणि ज्या कामाला द्यायचे ते राहूनच जाते.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत लिहिता येते. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला द्यायचे त्यालाच साक्षीदार करू नये. स्वकष्टाची मिळकत पूर्ण देता येते, वडिलोपार्जित मिळकतीतला फक्त आपला हिस्सा. बँकेच्या ठेवीला नॉमिनी लावला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. नॉमिनीच्या हाती बँक पैसे देते, एवढेच. पैशावरचा हक्क मृत्युपत्राप्रमाणे, आणि ते नसेल तर कायद्याने वारसांचा.

सगळ्यांत मुख्य म्हणजे घेणाऱ्याचे नाव. नुसते ‘बुद्ध विहाराला’ असे लिहिले तर कोणत्या? एकाच वॉर्डात चार विहार असतात. संस्थेचे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहावा. रक्कम संस्थेच्या नावे ठेवावी, अध्यक्षाच्या किंवा सेक्रेटरीच्या नावे नाही, ते बदलतात. पैसा कशासाठी ते लिहावे. ती संस्था बंद पडली तर कोणाला द्यावा, तेही लिहावे. अंमल कोण करणार त्या विश्वासू माणसाचे नाव घालावे आणि घरच्यांना आधीच कल्पना द्यावी. जमल्यास कार्व्हरांप्रमाणे थोडे हयातीतच देऊन संस्था हिशेब कसा ठेवते ते पाहावे. हिशेब नीट ठेवणे हे मग आमच्यासारख्या संस्थांचेही काम झाले.

किती द्यावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले होते. ते माप आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मागे राहणाऱ्या मिळकतीलाही ते लावून पाहायला हरकत नाही. वीस हजारांतले एक हजार झाले तरी एका पोरीची वर्षभराची वह्या-पुस्तके होतील. मात्र ते कागदावर लिहिलेले असावे, आणि घेणाऱ्या संस्थेचे नाव त्यात पुरते असावे.